‘२०४८ साली समुद्र रिकामा’: एका मेसेजचा हिशेब

‘२०४८ पर्यंत समुद्रात एकही मासा उरणार नाही, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. समुद्रातले मासे मोजणार कोण? एकदा संपलेला मासा परत येत नाही. पावसाळ्यातली बंदी ही सरकारची धूळफेक. आपल्या मामा तलावांत सोडतो तसं मत्स्यबीज समुद्रात सोडा, प्रश्न मिटला.’ नागपूरच्या ग्रुपांवर हा मेसेज सध्या फिरतोय. त्यातली शेवटची सूचना अस्सल वैदर्भीय आहे (मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मत्स्यबीज म्हणजे माशांची पिल्लं), म्हणून ती शेवटी घेऊ.

२०४८ हा आकडा हवेतून आलेला नाही. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांचा लेख आला. एखाद्या जातीची वर्षाची पकड तिच्या आजवरच्या कमाल पकडीच्या १० टक्क्यांखाली गेली, की ती जात ‘कोसळली’, असं त्यात धरलं होतं. अशा जातींच्या वाढत्या संख्येची रेघ तशीच पुढे ओढली तर ती २०४८ ला शंभर टक्क्यांना टेकत होती. म्हणजे लेख अक्षरशः खरा मानला तरी ‘एकही मासा नाही’ हे त्यात नव्हतंच. दुसरी गोम अशी की पकड म्हणजे साठा, अर्थात समुद्रात शिल्लक असलेले मासे, नव्हे. कळमना मार्केटात संत्र्याची आवक घटली म्हणून काटोलच्या बागा वाळल्या असं कुणी म्हणत नाही. भाव, गारपीट, परस्पर विक्री, कारणं दहा असतात. या लेखावर सडकून टीका करणारे मत्स्यशास्त्रज्ञ रे हिलबॉर्न आणि स्वतः वर्म पुढे एकत्र बसले आणि २००९ मध्ये दोघांचा संयुक्त अभ्यास आला. तपासलेल्या १० सागरी परिसंस्थांपैकी ५ मध्ये मासेमारीचा दाब कमी झाला होता. मात्र अभ्यासलेल्या साठ्यांपैकी ६३ टक्क्यांना अजून सावरण्याची गरज होती.

परिस्थिती छान आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२५ च्या आढाव्यात जगातले ३५.५ टक्के साठे अतिमासेमारीखाली आहेत; १९७४ साली हे प्रमाण १० टक्के होतं. एवढं पुरेसं वाईट आहे, त्याला २०४८ ची फोडणी लागत नाही.

‘मोजणार कोण?’ कोचीची केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था. समुद्रात उतरून नव्हे, बंदरावर उभं राहून. मासळी उतरण्याची ठिकाणं, दिवस आणि होड्या नमुन्याने निवडतात. निवडलेला दिवस दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ असा धरतात. रात्री लागलेल्या होड्यांचा माल सकाळी चौकशी करून नोंदवतात. जात, वजन, होडीने समुद्रात घालवलेले तास आणि माशांची लांबी, हा कच्चा माल. थंड समुद्रातल्या माशाच्या कानातल्या खड्यावर झाडासारखी वर्षाची वलयं दिसतात, त्यावरून वय कळतं. आपल्या उष्ण पाण्यात ती वलयं पुसट असतात, म्हणून इथे मुख्य भिस्त लांबीवर: मोठे मासे दरवर्षी विरळ होत चालले, की दाब वाढला असं समजायचं. या पद्धतीने २०२२ मध्ये १३५ साठे तपासले, त्यातले ९१.१ टक्के सुस्थितीत निघाले. हा आकडा हाताळताना एक काळजी घ्यावी. तो १३५ साठ्यांचा आहे, समुद्रातल्या सगळ्या माशांचा नाही. आणि साठा म्हणजे एका भागातली एक जात. तीच जात एका किनाऱ्यावर धडधाकट आणि दुसऱ्यावर आजारी असू शकते.

‘परत येत नाही’ हा मेसेजमधला सर्वात खोटा मुद्दा. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. नरखेड-वरुड पट्ट्यातल्या शेतकऱ्याला फरक सांगावा लागणार नाही: विहिरीचा उपसा जास्त असणं वेगळं, आणि पाण्याची पातळी खोल जाणं वेगळं. आज मोटर बंद केली म्हणून उद्या पाणी वर येत नाही. अमेरिकेच्या कायद्यात या दोन अवस्थांच्या, म्हणजे चालू अतिमासेमारी आणि खालावलेला साठा यांच्या, याद्याच वेगळ्या आहेत. साठा खालावला असं जाहीर झालं की दोन वर्षांत पुनर्बांधणीचा आराखडा द्यावा लागतो, आणि जातीचं जीवशास्त्र आडवं येत नसेल तर साठा जास्तीत जास्त १० वर्षांत सावरायला हवा. तिथे २००० पासून २०२३ पर्यंत ५० साठे सावरले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅनरी रॉकफिशचं उदाहरण बघा. दीर्घायुषी, सावकाश वाढणारा मासा. २००० साली खालावलेला म्हणून जाहीर झाला. त्याचे अधिवास असलेले मोठे पट्टे २००२ पासून ट्रॉलरना, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या होड्यांना, बंद केले. २०११ पासून प्रत्येक ट्रॉल होडीला जातवार कोटा आला आणि प्रत्येक फेरीला होडीवर निरीक्षक. चुकून जाळ्यात आलेला रॉकफिशही कोट्यात मोजायचा. कोटा संपला की दुसरा भरपूर मासा समोर असला तरी जाळं गुंडाळायचं. २०१५ मध्ये साठा सावरला, अंदाजाच्या कित्येक दशकं आधी.

उशीर केला की काय होतं हे कॅनडाने दाखवलं. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाच्या मासेमारीवर २ जुलै १९९२ रोजी बंदी आली. दोन वर्षांची म्हणून आलेली बंदी उठली २०२४ मध्ये, तीही १८,००० टनांच्या मर्यादेने. ३० हजारांहून जास्त लोकांचा रोजगार त्या एका दिवशी गेला होता.

प्रत्येक घसरण जाळ्यामुळे होते असंही नाही. केरळात तारली (सार्डिन) २०१२ मध्ये ३.९ लाख टन मिळाली, २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन, आणि २०२३ मध्ये पुन्हा लाख टनांच्या वर. तारली समुद्राच्या तापमानाच्या तालावर नाचते. अशा जातीला एका आकड्यावरून मेलेली किंवा वाचलेली ठरवणं हाच मूर्खपणा.

आता ‘धूळफेक’. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, अशी ६१ दिवसांची बंदी असते; बिगरयांत्रिक होड्यांना सूट. ही बंदी अंडी घालणाऱ्या माशांना श्वास घ्यायला वेळ देते, पण साठा बांधत नाही, कारण १ ऑगस्टला सगळा ताफा एकदम बाहेर पडतो. मेसेजवाल्याची नाराजी इथे निम्मी रास्त आहे: आपल्याकडे दिवसांवर आणि साधनांवर बंधनं आहेत, जातवार टनांवर नाहीत. पण साधनांवरची बंधनं फुकट नाहीत. ट्रॉल जाळ्याच्या शेपटाकडच्या पिशवीला ४० मिमी चौकोनी आस (जाळ्याचं भोक) का मागतात? नेहमीची आस शंकरपाळ्याच्या आकाराची. पिशवी भरून ताण आला की ती लांबट होऊन मिटते आणि पिल्लू आतच राहतं. चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते. पिशवीला आतून बारीक जाळीचं अस्तर लावलं की सगळं मुसळ केरात, आणि ते भर समुद्रात दिसत नाही. बंदरावर जाळं हातात घेऊन तपासावं लागतं. एलईडीच्या झगमगाटात मासेमारी करायला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तिचीही अडचण तीच, रात्री गस्त घालणार कोण?

राहिलं मत्स्यबीज. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून भंडारा-गोंदियाच्या तलावांत बीज विकत आणून सोडावंच लागतं, आणि तलावाला बांध असतो, मच्छीमारांची संस्था असते, सोडलेलं तिथेच निघतं. समुद्राला बांध नाही. पाल्कच्या उपसागरात कोळंबीची पिल्लं सोडण्याचं काम सरकार करतं, पण ते ठरावीक जातीसाठी, ठरावीक जागी. पापलेटचं अडतं ते अंड्यांवाचून नाही, अंडी घालण्याइतकी मोठी होणारी मादी उरत नाही म्हणून. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली ती याचसाठी, आणि त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. त्याची किमान लांबी १३५ मिमी, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. बर्फाच्या खोक्यातून नागपुरात आलेला पापलेट घेताना पट्टी शोधू नका. बहुतेकांच्या हातातला मोबाईल त्याहून लांब असतो.