मायकेल सॅमला आधी खेळाडू म्हणून मोजा

अमेरिकन फुटबॉल हा पायांपेक्षा हातांनी आणि खांद्यांनीच अधिक खेळला जाणारा खेळ मला कितीतरी वर्षे कळत नव्हता, आणि आजही त्याचे सगळे नियम मला समजतात असा माझा दावा नाही. तरीही त्या खेळातल्या एका माणसाबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मिसूरी विद्यापीठाचा मायकेल सॅम हे नाव २०१४ मध्ये आपल्याकडच्याही अनेकांच्या कानांवर गेले असेल. आपण समलिंगी असल्याचे त्याने त्या वर्षी जाहीर केले आणि त्यानंतर काही महिने जगभर त्याच्या धैर्याची वाहवा होत राहिली. त्या वाहवेत त्याचा खेळ कुठेतरी हरवून गेला आणि त्या खेळाचे मोल अजून नीट चुकते झालेले नाही, असे माझे मत आहे. म्हणून विद्यापीठीय फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, त्याला जागा मिळावी अशी माझी मागणी आहे.

आधी तो खेळ कसा होता ते सांगतो. सॅम डिफेन्सिव्ह एंड या जागेवर खेळत असे, म्हणजे बचावाच्या फळीत अगदी कडेला. समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच, आडव्या येणाऱ्या धिप्पाड गड्यांना चुकवून किंवा ढकलून, त्याला लोळवायचे हे या जागेवरच्या खेळाडूचे मुख्य काम असते. असे लोळवण्याला सॅक म्हणतात, आणि दोघांनी मिळून लोळवले तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा सॅक लागतो. २०१३ च्या हंगामात सॅमच्या नावावर ११.५ सॅक होते. साउथईस्टर्न कॉन्फरन्स ही तिथल्या विद्यापीठीय फुटबॉलमधली सर्वांत कडवी मानली जाणारी स्पर्धा, आणि तिच्यात त्या वर्षी एवढे सॅक दुसऱ्या कोणाचेही नव्हते. त्या स्पर्धेतल्या सर्वोत्तम बचावपटूचा किताब त्याला अलाबामाच्या सी. जे. मोस्लीबरोबर विभागून मिळाला, आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-अमेरिकन संघात तर त्याची निवड एकमताने झाली.

हे यश त्याच्या एकट्यापुरते राहिले नाही. मिसूरीचा संघ २०१२ मध्ये या स्पर्धेत नव्याने दाखल झाला होता आणि त्या पहिल्या हंगामात ५ विजय व ७ पराभव अशी त्याची गत झाली होती. पुढच्याच वर्षी त्याच संघाने १२ सामने जिंकले आणि फक्त २ गमावले. हंगामाचा शेवट ३ जानेवारी २०१४ रोजी टेक्सासमधल्या कॉटन बोल सामन्याने झाला. ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध मिसूरीकडे जेमतेम तीन गुणांची आघाडी होती, एक मिनिटही उरले नव्हते आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे होता. अशा वेळी सॅम कडेने आत घुसला आणि त्याने क्वार्टरबॅकच्या हातातला चेंडू उडवला. तो सुटलेला चेंडू शेन रे या त्याच्या सहकाऱ्याने उचलला आणि ७३ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. सामना ४१-३१ असा संपला. विद्यापीठाकडून सॅमचा तो अखेरचा सामना होता.

हे सगळे घडत होते तेव्हा सॅम समलिंगी आहे हे त्याच्या संघातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. हंगाम सुरू होण्याआधी, ऑगस्ट २०१३ मध्ये, संघातल्या मुलांनी एकमेकांची ओळख करून घेण्याचा एक कार्यक्रम झाला होता आणि त्यात त्याने स्वतःच ते सांगून टाकले होते. विशी-बाविशीतल्या त्या सगळ्या मुलांनी आणि गॅरी पिंकेल या त्यांच्या मुख्य प्रशिक्षकांनी ही गोष्ट पूर्ण हंगामभर बाहेर फुटू दिली नाही. संघात असा कोणी असेल तर ‘ड्रेसिंग रूमचे वातावरण बिघडेल’, ही भीती व्यावसायिक फुटबॉलमधली जाणती मंडळी पुढे कितीतरी महिने बोलून दाखवत होती. मला त्याची गंमत वाटते आणि चीडही येते, कारण त्या प्रश्नाचे उत्तर १२ विजयांच्या रूपाने आधीच त्यांच्यासमोर पडलेले होते.

९ फेब्रुवारी २०१४ रोजी सॅमने वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी यांना मुलाखती देऊन ही गोष्ट जगजाहीर केली. त्यानंतरच्याच आठवड्यात कॅन्ससमधला एक कडवा समलिंगीविरोधी धार्मिक गट निदर्शने करण्यासाठी विद्यापीठाच्या गावी, कोलंबियाला, येऊन थडकला, तेव्हा हातात हात गुंफलेल्या विद्यार्थ्यांची भलीमोठी साखळी त्यांच्यासमोर उभी राहिली. यथावकाश राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्याचे अभिनंदन केले आणि जुलैमध्ये टेनिसपटू आर्थर ॲश यांच्या नावाने दिला जाणारा धैर्य पुरस्कार त्याला मिळाला. तो मिळाला हे योग्यच झाले.

पण मे महिन्यातल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ विद्यापीठांतल्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात त्या वेळी, २५६ खेळाडूंमध्ये सॅमचा क्रमांक २४९ वा लागला. त्याच्याबरोबर तोच किताब विभागून घेणारा मोस्ली १७ वा निवडला गेला. सॅमला घेणाऱ्या सेंट लुईस रॅम्स संघाकडून सराव सामन्यांत त्याने ३ सॅक केले, तरी ऑगस्टअखेर त्याला वगळण्यात आले. डॅलस काउबॉइजच्या सराव चमूत काही आठवडे काढल्यावर तिथूनही त्याची सुट्टी झाली. २०१५ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या संघाकडून तो एकच सामना खेळला आणि मानसिक आरोग्याचे कारण देऊन बाजूला झाला. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या मुख्य हंगामातला सामना त्याच्या वाट्याला कधीच आला नाही.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ड्राफ्टपूर्व चाचणीत सॅमला ४० यार्ड धावायला ४.९१ सेकंद लागले, आणि त्याच्या जागेवरच्या खेळाडूसाठी हा वेग कमीच होता. त्याचे ११.५ पैकी ९ सॅक अवघ्या तीन सामन्यांतले होते. त्याची उंची डिफेन्सिव्ह एंडसाठी थोडी कमी आणि चपळाई लाइनबॅकरसाठी, म्हणजे बचावफळीच्या मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूसाठी, अपुरी, असे जाणकार म्हणत होते आणि त्यात तथ्य असावे. व्यावसायिक संघांनी त्याला नेमके कोणत्या कारणाने नाकारले याचा निवाडा इथे बसून करण्याची माझी पात्रता नाही. शिवाय माझ्या मागणीला त्या निवाड्याची गरजही नाही.

त्याचे कारण असे की विद्यापीठीय फुटबॉलचे स्वतंत्र हॉल ऑफ फेम आहे आणि तिथल्या निकषांत व्यावसायिक कारकिर्दीला जागाच नाही. खेळाडू मान्यताप्राप्त ऑल-अमेरिकन संघात निवडला गेलेला असावा, त्याच्या शेवटच्या विद्यापीठीय हंगामाला दहा वर्षे उलटलेली असावीत आणि मैदानाबाहेरचे त्याचे नागरिक म्हणून वर्तनही विचारात घ्यावे, असा साधारण त्या नियमांचा आशय आहे. सॅमची निवड तर एकमताची होती आणि दहा वर्षांची मुदतही संपलेली आहे. एकाच थोर हंगामावर एवढा मोठा मान द्यावा का, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मला समजू शकतो. मात्र ज्या हंगामाने रखडलेल्या संघाला बारा विजयांपर्यंत नेले आणि जो हंगाम खेळणाऱ्याने एक अवघड सत्य आपल्या माणसांपाशी उघड करून मग खेळला, त्याचे वजन इतर हंगामांच्याच तागडीत कसे करायचे, हे त्या आक्षेपकाने मला सांगावे.

आणखी एक गोष्ट मला खटकत आली आहे. बातम्यांत सॅमचा उल्लेख ‘पहिला समलिंगी’ असा होत राहिला आणि त्याचे कृष्णवर्णीय असणे जणू योगायोग असल्यासारखे मागे पडले. टेक्सासमधल्या हिचकॉक या लहानशा गावात, आठ भावंडांतला सातवा म्हणून तो वाढला. त्यातल्या तिघांना मृत्यूने किंवा बेपत्ता होण्याने घराने गमावले, दोन भाऊ तुरुंगात गेले, आणि काही काळ या कुटुंबाने आईच्या मोटारीत दिवस काढले. विद्यापीठात पोहोचलेला तो त्या घरातला पहिलाच मुलगा. २०२१ मध्ये कार्ल नॅसिब या गोऱ्या खेळाडूने आपण समलिंगी असल्याचे सांगितले आणि त्यानंतर तो एनएफएलमध्ये खेळतही राहिला, याचा मला आनंदच आहे. पण नॅसिब तोवर कित्येक हंगाम खेळून स्थिरावलेला होता, तर सॅमने हातात एकही करार नसताना तोंड उघडले होते.

त्याच्या आधीही अशी माणसे होती. आयडाहो विद्यापीठाचा रे मॅकडोनल्ड १९६६ च्या हंगामात चेंडू घेऊन एकूण १,३२९ यार्ड धावून देशात पहिला आला होता. तोही कृष्णवर्णीय आणि समलिंगी होता. वॉशिंग्टनच्या संघात तो जेमतेम दोन हंगाम टिकला आणि १९९३ मध्ये एड्सने गेला. जॉर्जिया टेकचा रॉय सिमन्स एनएफएलमध्ये चार हंगाम खेळला, पण आपली ओळख जाहीरपणे सांगायला त्याला १९९२ साल उजाडावे लागले, आणि तोवर त्याची कारकीर्द केव्हाच संपली होती. सॅमची मुलाखत प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, २० फेब्रुवारी २०१४ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सिमन्स वारला. सॅमच्या बातम्यांनी तेव्हा वर्तमानपत्रे भरून वाहत होती.

सॅमने पुढे २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या अमेरिकन फुटबॉल संघात बचावफळीचा प्रशिक्षक म्हणून काम केले, म्हणजे खेळाशी असलेले नाते त्याने तोडलेले नव्हते. त्याच्या नावाची पाटी लावली जाईल तेव्हा तिच्यावर पहिल्या ओळीत ११.५ सॅक असावेत, दुसऱ्या ओळीत कॉटन बोलमधला तो उडवलेला चेंडू असावा, आणि बाकी जे काही लिहायचे ते त्याखाली लिहावे.