फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज? मग वायर जळणार!

भाच्याने जुनी महिंद्रा जीप घेतलीय आणि ती उघडून नव्याने बांधायला काढलीय. परवा त्याने मला एक मेसेज पुढे ढकलला: ‘गाडीचं वायरिंग करा कंपनीसारखं, पाच सोप्या ट्रिक’. खाली एक ओळ, “मामा, असंच करतोय.” तोच मेसेज आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडेही पोचलाय आणि त्यानेही तो गिऱ्हाइकांना पाठवलाय. आता गप्प बसवत नाही.

आधी चौथी ट्रिक, कारण जीवावर बेतणारी तीच आहे. “फ्यूज सारखा उडत असेल तर 10 चा काढून 30 चा टाका. कंपन्या मुद्दाम हलके फ्यूज देतात, म्हणजे आपण विकत घेत राहू.” चहाच्या किमतीत मिळणारे फ्यूज विकून कोणती गाडीकंपनी गबर झाली?

फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. तिला झेपणार नाही इतका करंट वाहू लागला की तिच्याआधी त्याने जायचं, एवढंच त्याचं काम. वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे 10 ऐवजी 30 अँपिअर वाहिले तर उष्णता तिप्पट नाही, नऊपट. शिवाय 30 चा फ्यूज 30 अँपिअरला लगेच उडतो असंही नाही. त्याहून थोडा जास्त लोड आला तरी तो काही मिनिटं तग धरू शकतो. तेवढ्यात बारीक वायरीचं पीव्हीसीचं आवरण वितळून शेजारणीला चिकटतं आणि शॉर्ट होते ती भलतीच वायर. त्यात पहिल्या ट्रिकप्रमाणे सगळं जुडगं टेपेत आवळलेलं असलं की उष्णतेला वाट नाही, आणि आत काय शिजतंय ते दिसतही नाही.

भाच्याचा फ्यूज उडत होता त्याचं कारण साधं होतं. हेडलाइटला मूळ 60/55 वॅटऐवजी 100/90 वॅटचे बल्ब. अपरला (लांबच्या उजेडाला) दोन्ही बल्ब मिळून 200 वॅट, 12 व्होल्टवर जवळपास 17 अँपिअर, आणि ते सगळे जुन्या स्विचमधून. इथे रिले हवा, म्हणजे थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरून जाड वायर काढायची, वीतभर अंतरातच फ्यूज बसवायचा, तिथून रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला आणि 87 नंबरवरून बल्बला जायचं. 85 नंबर अर्थला (म्हणजे गाडीच्या बॉडीला), आणि स्विचची वायर फक्त 86 ला. मग स्विचमधून पाव अँपिअरसुद्धा जात नाही. (खरं तर मूळ वॅटचे बल्बच परत लावावेत. समोरच्याचे डोळे दिपवायला तेही पुरतात.)

आता पहिली ट्रिक: “काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली की वायरिंग वॉटरप्रूफ.” घरच्या बोर्डासाठीची ही टेप बॉनेटखाली टिकत नाही. गोंद पातळ होऊन बाहेर येतो, टोक सुटतं, आत शिरलेलं पाणी वाळायचं नाव घेत नाही. जुनं वायरिंग ज्याने सोडवलंय, त्याने ते काळं चिकट बोटांवरून रॉकेलने काढलेलं असतं. कंपनीच्या हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या बांधलेल्या जुडग्यावर, बॉनेटखाली कापडी टेप किंवा खाचांचा काळा पाइप असतो, तो मुख्यतः वायर घासू नये म्हणून. पाणी अडवायचं काम सीलवाल्या कनेक्टरचं. आणि पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) लागतो, त्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. शॉर्ट अनेकदा होतो तो तिथेच.

दुसरी ट्रिक: “वायरीच्या टोकाला आधी सोल्डर चढवा, मग थिंबल दाबा, डबल मजबुती. नासाही सोल्डरच वापरते.” (सोल्डर म्हणजे डाख. थिंबल म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, आणि ती दाबून बसवणं म्हणजे क्रिंपिंग.) नासा सोल्डर वापरते, हे खरं. नीट केलेला सोल्डर नुसत्या पिळून टेप मारलेल्या जोडापेक्षा कितीतरी बरा, हेही मान्य. पण हार्नेससाठीचं नासाचं मानक आहे नासा-एसटीडी-8739.4, आणि त्याच्या शीर्षकातला पहिला विषयच क्रिंपिंग आहे. सोल्डर चढवलेली बहुतारी वायर क्रिंप करायला त्यात चक्क मनाई आहे! म्हणजे मेसेजवाल्याने साक्षीदार आणला तोच उलटला. सोल्डर तारांमधून वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि डिझेल इंजिनाच्या थरथरीत वायर त्या कडेलाच तुटते.

तिसरी, “झिप टाय पक्कडीने खेचून आवळा”, तीही याच मानकात निकालात निघते: इन्सुलेशन दबेल इतकं आवळायचं नाही.

राहिली पाचवी, “अर्थ बॉडीला कुठेही मारा.” रंगावर मारलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, थिंबल बोल्टाने कसा, वरून ग्रीस लावा. इंजिन आणि चासी यांमधली जाड अर्थपट्टी तर जुन्या गाडीत हटकून विसरली जाते. मग स्टार्टरचे शेकडो अँपिअर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतात. स्टार्टर मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली तर आधी ही पट्टी तपासा.