पेन शोधायला गेलेला फिटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना क्वालिटीवाला’ या नावाने लिहिणारे साहेब, नमस्कार.

वाळूजच्या आमच्या मेंटेनन्स विभागात सगळ्यांचा मिळून एक विकी (ज्याची पानं कोणीही लिहू-दुरुस्त करू शकतो आणि कुणी काय बदललं ते पानाच्या ‘इतिहासा’त दिसतं, अशी वेबसाइट) कसा रुजला, त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी इथे उतरवतो : “फोटोत पानाचा इतिहास दिसतोय. दहापैकी नऊ बदल तुमच्याच नावावर. याला सहकाऱ्यांनी स्वीकारलं म्हणतात का? ऑडिटला कोणीही बदलू शकेल असा कागद चालत नाही. बाकी ही पुण्या-बंगळुरूची फॅशन आहे हो. आपल्याकडच्या फिटरला दोन ओळी लिहायला सांगा, पेन शोधायला जाईल तो परत यायचा नाही.”

टीकेला माझी ना नाही. पण हे शेवटचं वाक्य लिहिताना हात कसा अडखळला नाही तुमचा? क्वालिटीत उभा जन्म काढलेल्या माणसाने हे म्हणावं?

माझे वडील जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते. शिक्षण सातवी. खिशात छोटी डायरी आणि पेन नव्हे, पेन्सिल. कारण तेलकट हातांनी चिकट झालेल्या कागदावर बॉलपेन उठत नाही. (शॉपफ्लोअरवर फिरलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये.) कुठलं बेअरिंग कधी बदललं, कुठली कपलिंग आवाज करते, सगळं त्यात. डायरी भरली की आई ती गोधड्यांच्या पेटीत ठेवायची, अजून आहेत. तेव्हा फिटर लिहीत नाही हे निदान मला तरी शिकवू नका. तो लिहितो. खिशात लिहितो, एवढंच.

आणि खिशातलं लिहिणं कसं महागात पडतं तेही ऐका. मी ट्रेनी असतानाची गोष्ट, कंपनी दुसरी. रात्रपाळीत एका सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, बॅटरी संपत आल्याचा अलार्म आला. मी शिकवल्याप्रमाणे शहाण्यासारखा आधी मेन स्विच बंद केला, बॅटरी काढली आणि नवी आणायला स्टोअरकडे गेलो. किल्लीवाला सापडेपर्यंत उजाडलं. त्या कंट्रोलची बॅटरी वीज चालू ठेवूनच बदलायची असते. मशीन बंद असताना पॅरामीटर, म्हणजे मशीनची सगळी सेटिंग, त्या बॅटरीवरच जिवंत असतात. सगळे पुसले गेले. बॅकअप कुणी घेतलाच नव्हता. पुण्याहून सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत दोन दिवस मशीन उभं. ‘ब्याटरी चालूवर बदलणे’ ही ओळ एका जुन्या फिटर काकांच्या डायरीत होती, पण काका मुलीच्या लग्नासाठी गंगाखेडला आणि डायरी त्यांच्याबरोबर. बोलणी मी खाल्ली, आणि ती मी विसरलेलो नाही. असं पुन्हा होऊ नये म्हणून हा विकी, आणि तुम्ही त्याला फॅशन म्हणता.

विकी हा शब्दही पुण्याचा नाही, साहेब. होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून वॉर्ड कनिंगहॅम यांनी तो उचलला, हवाई भाषेत अर्थ झटपट. त्यांनी २५ मार्च १९९५ ला पहिला विकी खुला केला तो प्रोग्रामर लोकांना आपापले कामातले अनुभव एका जागी मांडता यावेत म्हणून. विकिपीडिया त्यानंतर, २००१ मध्ये आला. म्हणजे कामावरच्या माणसांची टिपणं हाच याचा मूळ धंदा. आमचा विकी ज्यावर बनवलाय तो डोकुविकी नावाचा प्रोग्राम स्टोअरमधल्या भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरवर चालतो. त्याला डेटाबेससुद्धा लागत नाही, पानं म्हणजे साध्या टेक्स्ट फाइली. एवढी स्वस्त फॅशन पुण्यात मिळत असेल तर पत्ता कळवा.

ऑडिटबद्दल थोडक्यात. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकाची २०१५ ची आवृत्ती कागदच हवा असं म्हणत नाही. बदलांवर नियंत्रण हवं, मंजुरी हवी, योग्य प्रत हाताशी हवी, असं म्हणते. मंजूर पानांना कुलूप लावायचं, म्हणजे ती कुणालाही बदलता येत नाहीत, हे लेखात लिहायचं राहिलं, ते मान्य. पुढे.

राहिले नऊ बदल. टाइप मी करतो म्हणून नाव माझं दिसतं. काका लोक व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवतात, मी उतरवतो. आता बोलणाऱ्याचं नाव इतिहासात येत नाही, याला मी काय करू? एकदा तीन नंबरच्या प्रेसच्या पानावर मी ग्रीस चुकीचं लिहिलं. सहा महिन्यांत एकदाही लॉगिन न केलेले एक काका मोबाइल नाचवत माझ्या टेबलाशी आले, “हे कुनी लिव्हलं? मशीन मारायची हाय का?” आणि उभ्या उभ्या, स्वतःचाच पासवर्ड माझ्याकडून विचारून घेऊन, एका बोटाने दुरुस्ती केली. फोटोतला दहावा बदल तो आहे. नऊ मोजलेत तसा तोही मोजायचा होता.

तरी तुमचा मान राखून लेखातला ‘सगळ्यांनी स्वीकारला’ हा शब्दप्रयोग काढून ‘बऱ्याच जणांनी’ केला आहे. तो बदलही माझ्याच नावावर आहे, पुन्हा मोजायला येऊ नका.