आधी काय झालं ते सांगा

रुग्णालयात पेशंट दगावला की महाराष्ट्रात पुढचा क्रम ठरल्यासारखा झाला आहे. नातेवाईक काचा फोडतात, डॉक्टर काळ्या फिती लावून ओपीडी बंद ठेवतात, आणि मग वाद पेटतो तो शिक्षेवरून. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आहे, नोंदणीकृत डॉक्टरला 2 वर्षांपर्यंत. एका बाजूला ही सवलत खुपते, दुसरीला ती अपुरी वाटते. ग्राहक कायद्याचंही तेच. डॉक्टरांची सेवा या कायद्याखाली येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा 1995 चा निकाल. मे 2024 मध्ये वकिलांच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने त्याच्या फेरविचाराची गरज बोलून दाखवली, तेव्हा डॉक्टरांच्या आशा पालवल्या. नोव्हेंबरमध्ये तीन न्यायमूर्तींनी ते प्रकरण तिथेच मिटवलं, आणि 1995 चा निकाल कायम राहिला.

इंग्लंडमधल्या लेस्टरला बसून मी हे सगळं वाचते आणि मला राहून राहून वाटतं, की आपण थेट शेवटच्या पायरीवर जाऊन भांडतोय. नक्की काय झालं, हे घरच्यांना सांगायचं कुणी, हा प्रश्न कुणाच्याच निवेदनात नसतो.

आपल्याकडच्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याचा पाया ज्या निकालाने घातला, तो कोकणातला आणि पुण्याचा आहे. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. तिथे तात्पुरत्या फळ्या बांधून त्याला टॅक्सीने पुण्याला आणलं. तिथल्या सर्जनने भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, जोर लावून हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं, असं न्यायालयांनी मानलं. त्याच रात्री मुलगा गेला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने वकिलांना पाठ असलेला हा खटला सर्वोच्च न्यायालयात 1968 मध्ये संपला. भरपाई 3,000 रुपये. डॉक्टरने केस घ्यायची की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही बाबतींत काळजी घेणं हे त्याचं कर्तव्य आहे, हे त्या निकालाने सांगितलं.

या खटल्यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांना प्रश्न विचारता येत होते. पुढे कोलकात्याच्या अनुराधा साहा प्रकरणात, जिथे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 कोटी 96 लाखांच्या आसपास भरपाई ठरवली, तिथेही लढणारा नवरा अमेरिकेत राहणारा डॉक्टर. स्टेरॉइडचा डोस किती असायला हवा होता, हे त्याला कुणाकडून समजून घ्यावं लागलं नाही. तरीही मृत्यू 1998 चा आणि आकडा ठरला 15 वर्षांनी. आपले हे दोन गाजलेले निकाल डॉक्टरांनीच मिळवलेले आहेत. बाकीच्यांनी काय करायचं?

माझी मावशी तालुक्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर गेली. मावसभाऊ शाळेत शिकवतो. कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत द्यावीत असा नियम 2002 पासून आहे; त्याला झेरॉक्सचा गठ्ठा मिळायला कित्येक आठवडे लागले. त्यातल्या नर्सिंग चार्टवर शेवटच्या रात्रीचं ब्लडप्रेशर दर दोन तासांनी 120/80, सगळं एकाच पेनाने, एका ओळीत, जणू एका बैठकीत लिहिलेलं. मृत्यूचं कारण ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’, म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. तो तर प्रत्येकाचाच थांबतो. का थांबला, ते कुठेच नाही. पोलिसांनी फाइल तज्ज्ञ समितीकडे पाठवली, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. तो निकाल मला योग्यच वाटतो. उठसूट डॉक्टरला अटक होऊ लागली तर अवघड पेशंटला कुणी हात लावणार नाही. पण समितीचं उत्तर आलं दोन ओळींचं: निष्काळजीपणा आढळून येत नाही. त्या चार्टबद्दल अवाक्षर नाही.

इथे ओळखीतल्या एका मराठी काकांच्या मृत्यूनंतर मी त्यांच्या मुलीसोबत कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद किंवा कारण न कळलेल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कोर्टात बसले होते. कॉरोनर दोषी ठरवत नाही. कोण गेलं, कधी, कुठे आणि कसं, एवढंच तो शोधतो. रात्री दोन ते सहा चार्ट कोरा का, असं त्यांनी नर्सला विचारलं. ती म्हणाली, वॉर्डात आम्ही दोघीच होतो. मग कॉरोनर मुलीकडे वळून म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय? तिने विचारलं. तिला उत्तर मिळालं. भरपाईचा दावा त्या घराने लावलाच नाही.

इंग्लंडमध्ये 2014 पासून सरकारी रुग्णालयांवर आणि पुढच्या वर्षापासून खासगींवरही बंधन आहे: उपचारात गंभीर इजा झाली तर घरच्यांना समोर बसवून सांगायचं, माफी मागायची आणि ते लेखी द्यायचं. 2006 चा कायदा म्हणतो की नुसती माफी म्हणजे दोषाची कबुली नव्हे. सप्टेंबर 2024 पासून कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू उपचारांशी संबंध नसलेला एक स्वतंत्र डॉक्टर तपासतो आणि कुटुंबाला शंका विचारतो.

इथलं सगळं आदर्श आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. मृत्यूच्या दुःखापोटी कायद्याने ठरलेली रक्कम 2020 पासून 15,120 पौंड आहे, आणि 18 वर्षांवरच्या मुलाच्या आईवडिलांना तीही नाही. पालशेतच्या त्या तरुणाच्या आईवडिलांना आज इथे या सदराखाली एक पैसाही मिळाला नसता. कॉरोनरसमोर रुग्णालय बॅरिस्टर घेऊन येतं, कुटुंबाला बहुतेकदा सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. आणि आमच्याच लेस्टरमध्ये 2011 मध्ये सहा वर्षांचा मुलगा सेप्सिसने, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून, दगावला, तेव्हा माणसं कमी आणि संगणक बंद अशा दिवशी ड्यूटीवर असलेल्या डॉ. बावा-गार्बा यांना फौजदारी शिक्षा झाली. त्यानंतर डॉक्टर स्वतःच्या चुकांची टिपणं लिहायलाही घाबरू लागले. आपल्याकडच्या डॉक्टरांची भीती मला म्हणूनच खरी वाटते. ‘चुकलं’ म्हटलं की एफआयआर, आणि त्याआधी मार.

पण निष्काळजीपणा मोजायची कसोटी दोन्ही देशांत मुळात एकच आहे, 1957 च्या इंग्लंडमधल्या बोलम खटल्याची: त्याच विषयातल्या जबाबदार डॉक्टरांना मान्य असलेल्या पद्धतीने उपचार केले असतील, तर तो निष्काळजीपणा नव्हे. जेकब मॅथ्यूमध्ये तीच वापरली आहे. फरक पडतो तो कोर्टाच्या दारापर्यंत पोचण्याआधी. महाराष्ट्राने 2021 मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणली, ती भिंतीवर लावायला लावली. त्याच नियमांत आणखी भर घालता येईल: अनपेक्षित मृत्यूनंतर आठवड्याच्या आत कुटुंबाशी बैठक, न मागता केसपेपरची प्रत, आणि समितीचा अहवाल कारणांसह घरच्यांच्या हातात. आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्याचा विषय आहे, दिल्लीची वाट बघायचं कारण नाही. माफीला संरक्षण द्यायला मात्र नियम पुरणार नाहीत, कायदाच लागेल. ती मागणी डॉक्टरांच्या संघटनेने करावी आणि रुग्णहक्कांसाठी झगडणाऱ्यांनी त्यांच्याबरोबर मंत्रालयात जावं.