रांगोळीला ती, सत्काराला दुसरी मुलं

आज एका शाळेत गुणवंतांच्या सत्काराला गेलो होतो आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच चालतं.

व्यासपीठासमोर मोराची रांगोळी होती. सातवीतल्या एका मुलीनं काढलेली. एकेका पिसाला आतून बाहेर जाताना रंग फिका होत गेलेला, आणि हे सगळं चिमटीनं, चाळणी नाही की साचा नाही. फळ्यावरची स्वागताची अक्षरंही तिचीच. मग पाहुणे आले. शिष्यवृत्तीत आलेली, नवोदयला लागलेली, दहावीला नव्वदच्या वर गेलेली मुलं एकेक करून वर गेली, ट्रॉफी घेऊन खाली आली. ती मुलगी नारळ-गुलाबाचं ताट धरून बाजूला उभी. तिचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही. शेजारच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "अहो, तिला आवड आहे त्याची, हौसेनं करते."

गणितात पुढं असलेल्या पोराला कोणी म्हणतं का, हौसेनं करतो म्हणून? त्याला पाचवीपासून जादा तास, सराव संच, पहाटेचा क्लास, आणि निकाल लागला की चौकात फ्लेक्स. आणि हिच्या हातात ताट.

मला आमच्या वर्गातला बैलवाला आठवला. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. बेंदूर आला की सगळे कुंभाराकडून बैलजोडी आणायचे, हा पठ्ठ्या स्वतः करायचा, ओढ्याकाठच्या काळ्या मातीचे. अंगठा ओला करून एकदाच फिरवला की वशिंड तयार. एकदा त्यानं बसलेला खिलार केला होता. पुढचा एक पाय दुमडलेला, मान मागं वळवून पाठीवरची माशी हाकलतोय असा. सहावीत होता तेव्हा तो! गुरुजींनी दप्तरात माती सापडली म्हणून हातावर छड्या दिल्या.

त्याचे बैल टिकायचे नाहीत, हे मला आज जास्त लागतंय. वाळताना पाय तडकायचे, शिंगं गळून पडायची. मातीत कापूस किंवा काथ्या मळायचा असतो, उन्हात न ठेवता सावलीत सावकाश वाळवायचं असतं, एवढं सांगणारं त्याला कोणी भेटलं नाही. "देवाची देणगी आहे" म्हणायला मात्र गाव पुढं. देणगी आहे ना, मग शिकवायला नको? इंग्रजी चांगलं असलेल्या पोराला आपण व्याकरण शिकवायचं बंद करतो का?

आणि हे सगळं कुठं, तर सांगली जिल्ह्यात. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक केलं ते इथं, कारण सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी त्यांच्यातला गुण ओळखून पाठबळ दिलं. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर शेजारच्या कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, शाळा सुटली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला मिळालं, आणि याच माणसानं 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कोणीतरी ओळखलं, कोणीतरी योग्य गुरूकडं नेऊन बसवलं. आपण काय करतो? 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचे फोटो टाकतो. मिरजेच्या तंबोऱ्याचा अभिमान बाळगतो आणि पोरगं आठवीत गेलं की त्याची पेटी माळ्यावर टाकतो.

हो, पोट भरलं पाहिजे, कबूल. कलेवर घर चालवणं सोपं नाही, हेही कबूल. पण क्लासला लाखभर भरून तरी सगळी पोरं डॉक्टर होतात का? आणि चित्रकलेनं काय होतं म्हणणाऱ्यांनी किर्लोस्करवाडीला जाऊन यावं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे.जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येईनात म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले. हाताला वळण आधी तिथंच लागलं होतं.

एलिमेंट्री-इंटरमिजिएटचं सांगू नका. चांगल्या परीक्षा आहेत, मी स्वतः दिल्यात. पण आज निम्मे पालक दहावीला ए ग्रेडचे 7 गुण मिळतात म्हणून मुलांना बसवतात आणि परीक्षा झाली की ब्रश कपाटात. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, असं आहे. अंशकालीन! आणि आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत शंभर मुलं आणायची कुठून? तिथल्या पोरांनी काय करायचं? गुरुजींना तरी किती बोलणार, त्यांना माहिती भरण्यातून सवड नाही. पण मग कोणीच जबाबदार नाही का?

सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती 1982 पासून आहे. केंद्र सरकारची, 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी. गाणं, नाच, नाटक, चित्र, शिल्प सगळ्यांना. आपल्या ओळखीत कोणी तिचा फॉर्म भरलाय? शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेची तारीख आयांना तोंडपाठ असते. आमचा बैलवाला नेमका त्याच वयाचा होता. आता तो जेसीबी चालवतो. चांगलं कमावतो, घर बांधलंय, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. गेल्या बेंदराला भेटला तेव्हा विचारलं, आता करतोस का रे बैल? म्हणाला, "पोरगं करतंय. पण शेंडे गळतात त्याचे."

शेंडे म्हणजे शिंगांची टोकं. बापाचंही तिथंच अडलं होतं.

तर मी एक करतोय. दिवाळीच्या सुट्टीत सातारा जिल्ह्यातल्या औंधला गाडी नेतोय. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, त्यांनी 1938 साली उभारलेलं भवानी संग्रहालय तिथं यमाईच्या डोंगरावर आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. बैलवाल्याचं पोरगं येतंय. त्या मुलीच्या आईशी उद्या बोलणार आहे. येताना एका कुंभारकाकांकडं थांबून माती मळायला शिकायचं ठरलंय. तुमच्या घरात, गल्लीत, वर्गात असं एखादं पोरगं असेल तर त्याचं नाव मला मेसेज करा. गाडीचा खर्च माझा. मार्क किती आहेत ते कळवू नका.