मेंदूच्या गाठीच्या रिपोर्टबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर मी दोनदा वाचला. वडिलांच्या मेंदूतल्या गाठीच्या तपासणीला आठ दिवस सांगून आम्ही तेरा लावले. केआय-६७, म्हणजे गाठीच्या वाढीचा वेग दाखवणारा आकडा, आमच्याकडे ८ टक्के आला, दुसऱ्या लॅबमध्ये १२, निदान मात्र दोन्हीकडे एकच. जास्तीची टेस्ट लावून पैसे घेतले. ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेली वडी, परत न्यायला दोन चकरा झाल्या. आणि एवढं करून गाठ किती पसरली हे रिपोर्टात कुठेच नाही, नेटवर दिसणारी एमएमपी-९ ची टेस्टही आम्ही केली नाही, असं तुमचं म्हणणं. लॅब माझी आहे, रिपोर्टवर सहीही माझी आहे, म्हणून उत्तर मीच देते. वडिलांचं निदान किंवा वय इथे लिहिणार नाही.

आधी त्या पाच दिवसांचं. एटीआरएक्स नावाचं एक प्रोटीन आहे. रंग दिल्यावर पेशीच्या केंद्रकात ते असेल तर केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर निळं. काही गाठींमध्ये ते नाहीसं झालेलं असतं आणि निदान त्यावरच फिरतं. आता त्याच काचेवर रक्तवाहिन्यांच्या पेशीही असतात. त्या गाठीच्या नसतात, त्यांचं केंद्रक तपकिरी यायलाच हवं. तुमच्या पहिल्या काचेवर तेही निळंच होतं. म्हणजे रंगच चढला नव्हता. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये उशिरा पडला किंवा फार काळ राहिला की असं होऊ शकतं. ती काच पाहून 'एटीआरएक्स नाही' असं लिहिलं असतं तर आठव्या दिवशी रिपोर्ट हातात पडला असता, पण त्या ओळीला काही अर्थ नसता. आम्ही ब्लॉकच्या दुसऱ्या बाजूने नवे काप घेतले आणि रक्तवाहिनी नीट तपकिरी दिसेपर्यंत थांबलो. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

पण हे तुम्हाला त्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं, आणि कुणी सांगितलं नाही. ही चूक आमची. परळमध्ये लॅब चालवणाऱ्याला तरी हे कळायला हवं. इथे येणारी कितीतरी माणसं बाहेरगावची असतात, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं, कुणी डोंबिवलीला नातेवाइकाकडे. एक दिवस वाढला की त्यांचं सगळं गणित कोलमडतं. माफ करा. आता रंग पुन्हा द्यावा लागला की त्याच संध्याकाळी घरच्यांना फोन जातो. ब्लॉकसाठी दुसऱ्यांदा यावं लागलं तेही चुकलंच. ब्लॉक आणि काचा रुग्णाच्या असतात, मागितल्या त्या दिवशी मिळायला हव्यात.

आता पसरण्याबद्दल. हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घर विचारतं. ग्लायोमा जातीच्या, म्हणजे मेंदूतल्याच आधारपेशींसारख्या पेशींच्या, गाठीच्या पेशी एकेक करून मेंदूतल्या तंतूंच्या आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने सरकत जातात. एमआरआयमध्ये दिसणाऱ्या कडेच्या पलीकडेही त्या असतात. माझ्यापुढे येतो तो सर्जनने काढलेला तुकडा. त्यावरून गाठ कुठवर गेली हे मोजता येत नाही, आणि ते सांगणारं एकही प्रोटीन रोजच्या तपासणीत नाही. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही पेशींभोवतीचं जाळं कापून वाट करणारी एन्झाइम्स आहेत. त्यांच्यावर संशोधन भरपूर झालंय, पण अमुक आकड्याच्या वर गेलं की गाठ इतकी पसरते, अशी सर्वमान्य रेघ नाही. रेघच नसलेल्या टेस्टचे पैसे मी तुमच्याकडून घेणार नाही. मेनिंजिओमाची गोष्ट वेगळी. मेंदूच्या आवरणातून निघणारी ती गाठ खालच्या मेंदूत शिरली असेल तर जीएफएपी या मेंदूच्या आधारपेशींतल्या प्रोटीनला रंग दिल्यावर तपकिरी दिसणाऱ्या मेंदूमध्ये घुसलेल्या तिच्या जिभा स्पष्ट दिसतात, आणि तेवढ्यावरही ग्रेड (गाठ किती आक्रमक याचा दर्जा) २ ठरते. तिथे आम्ही 'मेंदूत शिरकाव आहे' असं लिहितोच.

केआय-६७ विभाजनाच्या तयारीतल्या पेशी दाखवतो. १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात तो सापडला, नावातला 'केआय' त्या शहराचा. वेग कळतो, अंतर नाही. शंभरातली किती केंद्रकं तपकिरी ते मोजायचं असतं, आणि एकाच काचेच्या एका कोपऱ्यात ५ तर दुसऱ्या कोपऱ्यात १५ असू शकतात. कुठला भाग मोजला, कुठली अँटिबॉडी (ठरावीक प्रोटीनला चिकटून ते दाखवणारा पदार्थ) वापरली, यावर आकडा हलतो. ८ आणि १२ मधल्या फरकाने ग्लायोमाची ग्रेड बदलत नाही. दोन्ही लॅबचं निदान जुळलं, मला ते जास्त मोलाचं वाटतं.

जास्तीच्या टेस्टबद्दल तुमच्या घरचं नव्हे, नियमाचं सांगते. काही ग्लायोमांमध्ये आयडीएच नावाच्या जीनमध्ये बदल झालेला असतो. आयडीएच-१ ची अँटिबॉडी त्यातला आर१३२एच हा एकच बदल पकडते. ग्लायोमातल्या आयडीएच बदलांपैकी सुमारे ९० टक्के तेच असतात, पण उरलेले तिला दिसत नाहीत. म्हणून ५५ वर्षांखालच्या रुग्णात रंग आला नाही तर जीनची तपासणी केल्याशिवाय 'बदल नाही' म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात गाठीचं नावच त्यावर ठरतं, आणि पुढचे उपचारही. फॉर्मवर सही घेताना हे काउंटरवर कुणी समजावलं नाही, ही तुमची तक्रार मला मान्य आहे.

शनिवार सोडून कुठल्याही दिवशी चारनंतर या. दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप आमच्याकडे आहे. ती निळी रक्तवाहिनी आणि नंतरची तपकिरी, दोन्ही तुम्हाला दाखवते. दुसऱ्या लॅबच्या काचाही घेऊन या, शेजारी ठेवून पाहू.