बेल्ट काढून चेन टाका म्हणणाऱ्यांना

उन्हाळा लागला की नागपुरातल्या गाडीवेड्यांच्या मोबाइलवर एक मेसेज हमखास फिरतो : "आपल्या उन्हात बेल्ट वितळतो. हार्लीनं स्वतःच आता चेन धरली. चेन टाका, ॲव्हरेज दहा टक्के वाढतो, एका दिवसाचं काम आहे." बेल्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवणारा दातेरी पट्टा, आणि हार्ली म्हणजे हार्ली-डेव्हिडसन ही अमेरिकी मोटरसायकल कंपनी. माझी गाडी बेल्टवाली आहे आणि चेन टाकलेल्या दोन मित्रांच्या गाड्यांवर माझेही हात काळे झाले आहेत. म्हणून बोलतो.

ऊन म्हणाल तर नवतप्यात पारा 46-47 ला टेकतो, कबूल. पण अमेरिकेतल्या फिनिक्सला 1990 च्या जूनमध्ये 50 अंश नोंदले गेले, आणि हार्ली 1980 च्या 'स्टर्जिस' मॉडेलपासून बेल्ट वापरते आहे. उन्हानं बेल्ट वितळत असता तर तिकडे कोणी तो घेतलाच नसता. बेल्टचा खरा वैरी खडा. उमरेड रोडला ट्रकमागून उडालेला खडा पुली (बेल्ट फिरवणारं दातेरी चाक) आणि बेल्टच्या मध्ये सापडला, की वरून इवलंसं भोक दिसतं आणि आतले धागे तुटलेले असतात. मेसेजवाला खडीबद्दल बोलला असता तर मी गप्प बसलो असतो.

कंपनीनं चेन धरली, हे अर्धवट आहे. हार्लीच्या 2023 च्या एक्स440 ला चेन आहे, 2021 च्या पॅन अमेरिकालाही आहे. पण पॅन अमेरिका कच्च्या रस्त्यासाठीच बनवलेली गाडी. मोठ्या क्रूझर आजही बेल्टवरच आहेत. हार्लीच्याच स्ट्रीट 750 वाल्यांचं दुखणं निराळं. 2020 मध्ये कंपनीनं हरियाणातला बावलचा कारखाना गुंडाळला, आणि त्या गाडीचा बेल्ट कुठून आणायचा ही चिंता खरी आहे. ते कारण सांगून चेन टाका, मी वाद घालणार नाही.

आता ॲव्हरेज. इथे खरी गंमत आहे. समजा बेल्टची पुढची पुली 28 दातांची आणि मागची 68 ची, म्हणजे रेशो 2.43, मागचं चाक एकदा फिरायला पुढची पुली 2.43 वेळा फिरते. चेनमध्ये 21 आणि 51 दातांचे स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) टाकले तर रेशो तोच राहतो. पण मिस्त्री म्हणतो, "भाऊ, पुढे 19 चं टाकू, पिकअप बघा." रेशो 2.68 होतो. बऱ्याच गाड्यांत किलोमीटर मोजणारा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो. स्प्रॉकेट बदललं याचा त्याला पत्ताच नसतो, तो जुन्याच रेशोनं मोजतो. गाडी 100 किलोमीटर जाते, काटा 110 दाखवतो. 20 चा ॲव्हरेज बसल्याजागी 22 होतो आणि मेसेज पुढे जातो! वर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतंय, म्हणजे पेट्रोल वाढलंच असेल. खात्री करायची तर झीरो माइलपासून रामटेकपर्यंत फोनवर जीपीएस लावून जा आणि काट्याशी ताडून पाहा. स्वच्छ, तेल दिलेली चेन बेल्टपेक्षा ताकद थोडी कमी खाते हे खरं, पण तो फरक फार तर एक-दोन टक्क्यांचा. धुळीनं माखलेली चेन तोही गिळते.

एका दिवसाचं काम? स्प्रॉकेट बसवणं, हो. पण पुढचं-मागचं स्प्रॉकेट एका रेषेत आलं नाही तर चेन बाजूनं झिजते. त्यासाठी मध्ये नेमक्या मापाची कडी, म्हणजे स्पेसर, लागतो. बेल्टच्या गाडीत चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, चेन घासू नये म्हणून लावतात ती रबरी पट्टी नसतेच. एका मित्राच्या गाडीत ढिली चेन महिनाभर चिमट्याला घासत होती. चाक काढलं तेव्हा धातूत बोटभर खाच दिसली. ज्यानं चेन बसवली त्याचं म्हणणं, "आवाज तर यायचाच."

मेसेजमध्ये जे नाही ते मीच सांगतो. पेंचच्या जंगलाकडच्या कच्च्या रस्त्यावर चेन तुटली तर खिशातली जोडकडी लावून घरी येता येतं. बेल्ट अखंड असतो. तुटला की गाडी टेम्पोत. महिन्यातून चार वेळा जंगलाकडे जाणाऱ्यानं चेन टाकावी, पुढे 21 चंच टाकावं आणि विमा कंपनीला आधी कळवावं. माझी गाडी वर्धा रोडच्या पुढे क्वचित जाते, आणि रविवारी सकाळी मी चेन धुवायला रॉकेल शोधत नाही, तर्री-पोहे खायला जातो.